उरलेल्या ब्लॉकचं काय करायचं? आधी तो का उरला ते बघा

प्रश्न सोलापूरच्याच एका ताईंचा आहे. नातीसाठी त्यांनी क्विल्ट करायला घेतलं. क्लासमध्ये सांगितल्याप्रमाणे 12 इंची 20 ब्लॉक (तुकडे जोडून शिवलेले चौकोन) पुरेसे होते, पण हात चालत गेला आणि 34 झाले. नातीची गोधडी झाली, 14 ब्लॉक उरले. त्यातले 5 मापात आहेत, पण रंग बाकीच्यांशी जुळले नाहीत. सुरुवातीचे 4 एक इंचाने कमी भरतात. दोन कोपऱ्यात तिरके गेलेत. दोन गणवेशाच्या कापडाचे आहेत, गारमेंटवाल्या शेजारणीने दिलेल्या कातरणातले. आणि एकात त्यांच्या आईच्या इरकलीचा पदर आहे. "टाकवत नाहीत आणि कपाटातून रोज माझ्याकडे बघतात," असं त्या म्हणतात.

ताई, तुम्ही यादी अशी दिलीत की निम्मं उत्तर त्यातच आलं. बहुतेक बायका "माझ्याकडे 14 ब्लॉक आहेत, काय करू?" एवढंच विचारतात, आणि मग त्यांना उशीचे अभ्रे, पर्स, टेबलमॅट असली ठरलेली यादी मिळते. ब्लॉक उरतो त्याला काही तरी कारण असतं. माप चुकलेला, रंग न जुळलेला, कापड वेगळं असलेला आणि जीव अडकलेला, हे चार वेगळे ब्लॉक आहेत आणि चौघांचं काम वेगळं. एकाच ढिगात धरलेत तर त्यातला सगळ्यात कच्चा ब्लॉक बाकीच्यांनाही बुडवतो.

जाता जाता सांगते, आपल्या आज्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. ब्लॉक आधी शिवून ठेवायचे आणि मग जोडायचे ही रीत अमेरिकेतल्या क्विल्टची. तिथे एकोणिसाव्या शतकात ती घरोघरी रुजली. आपल्या वाकळीत चौकोन आधी बनत नाही. खाली जुनं लुगडं अंथरायचं, हातात येईल तो तुकडा जागेवर ठेवायचा, कडा बोटाने आत मुडपायची आणि धावदोरा घालत पुढे जायचं. तुकडा जागा बघूनच कापलेला, मग उरणार काय? क्लासमधलं क्विल्ट शिकलो तेव्हा मापाबरोबर उरलेले ब्लॉकही घरी आले. त्यांच्यावरचा एक उपाय जुन्या रीतीतच आहे, त्याच्याकडे येतेच.

सुरुवात गणवेशाच्या दोन ब्लॉकपासून, कारण चुकलं तर भाजेल. सोलापुरात शाळेच्या गणवेशाचा धंदा मोठा आहे, त्यामुळे कातरण फुकटात मिळतं आणि घरोघरी पिशव्या भरून पडलेलं असतं. कापड दिसायला उत्तम, रंग पक्के, सुरकुती नाही. पण त्यात पॉलिएस्टरचा भाग बराच असतो. मी अशाच निळ्या चौकडीची तव्याची पकड शिवली होती, पायपीन लावून, अगदी देखणी. पहिल्याच आठवड्यात ती गरम तव्याच्या कडेला चिकटली, तिथे चकचकीत काळा डाग पडला आणि माझ्या अंगठ्याला फोड आला. चूक माझीच, कापड तपासलंच नव्हतं.

तपासायची रीत सोपी आहे. कडेचा एक दोरा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि वाटीवर धरून काडी लावा. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ करडी राख सोडतो. पॉलिएस्टर आधी आकसतं, वितळतं, आणि टोकाला कडक मणी धरतं. मिश्र कापडात दोन्ही दिसतं. मणी झाला की ते चुलीपाशी न्यायचं नाही, बस्स. उभा आणि आडवा, दोन्ही दोरे तपासा, कधी एक सुती आणि एक मिश्र निघतो.

म्हणून तुमचे ते दोन ब्लॉक भाजीच्या पिशवीला द्या. तिथे हेच कापड सुतीपेक्षा चांगलं: मळ धरत नाही, लवकर वाळतं, रंग सोडत नाही. एक ब्लॉक पुढे, एक मागे. फक्त एक काळजी घ्या. ब्लॉक म्हणजे टिपांनी जोडलेले तुकडे आणि टीप वजन पेलण्यासाठी नसते. चार किलो कांदे भरले की टीप उसवते. आत जाड कापडाचं अख्खं अस्तर घाला, आणि बंद वरच्या कडेला नुसते चिकटवू नका. नवारीची पट्टी घ्या, ती पिशवीच्या पुढच्या बाजूने खाली नेऊन तळाखालून मागे वर आणा, दोन्ही बाजूंनी टीप मारा. मग वजन नवारीवर येतं, ब्लॉक नुसता दिसायला राहतो. मंगळवार बाजारात अशी एक पिशवी मी सहा वर्षं वापरली, शेवटी अस्तर फाटलं, ब्लॉक तसाच होता.

आता कमी भरलेले 4. 12 इंची ब्लॉक जोडण्याआधी शिवणीसकट साडेबारा भरतो. तुमचे साडेबाराऐवजी साडेअकरा का झाले ते सांगू? तुम्ही पूर्वी ब्लाउज शिवत असणार. ब्लाउज शिवणारा हात अर्ध्या इंचाची शिवण सोडतो, क्विल्टला पाव इंच लागते. नऊ तुकड्यांच्या ब्लॉकमध्ये साडेचार इंचाचे तीन तुकडे एका ओळीत येतात. पाव इंचाने शिवले तर साडेबारा, अर्ध्या इंचाने शिवले तर साडेअकरा. अगदी बरोबर एक इंच गेला. म्हणजे हे चार चुकलेले असले तरी चौघंही सारखेच चुकलेत, आणि सारखी चूक ही चूकच राहत नाही.

चौघांना एकमेकांना जोडा. 22 इंचाचा चौरस तयार होतो, आणि तो भाकरीच्या दुरडीला नेमका लागतो. तो दुरडीत पसरून वर ताज्या भाकऱ्या ठेवल्या आणि चार कोपरे दुमडले की सात-आठ भाकऱ्या झाकतात. यात भरण घालायचं नाही. भरण घातलं की वाफ आत अडकते आणि खालची भाकरी ओली होते. पातळ सुती कापड वाफ हळूहळू सोडतं. पण मागची बाजू उघडी ठेवू नका, शिवणीच्या दोऱ्यांत पिठाचे कण अडकतात आणि ते धुऊन निघत नाहीत. मागे पांढरं सुती अस्तर, भाकरीला तेच लागलं पाहिजे. नवीन कापडाची खळ निघेपर्यंत दोनदा धुऊन मग वापरायला काढा. कडक भाकरीसाठी मात्र हा रुमाल नको. तिला कोरडी हवा लागते, गुंडाळली की तिचा कडकपणा जातो.

हेच चार जर 12 इंची ब्लॉकच्या बरोबरीने आणायचे असतील, तर भोवती पट्टी लावायची. हिशोबाने 1 इंच रुंदीची पट्टी पुरते, पण तसं करू नका. इतकी अरुंद पट्टी शिवताना हमखास वाकडी जाते. दीड इंचाच्या पट्ट्या कापा. आधी दोन बाजूंना साडेअकरा इंच लांबीच्या, इस्त्री, मग उरलेल्या दोन बाजूंना साडेतेरा लांबीच्या. ब्लॉक साडेतेरा होतो. मग मोजपट्टी ठेवून चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच छाटा, साडेबाराचा काटकोनी ब्लॉक हातात येतो. जास्त लावून छाटण्याने कापड थोडं वाया जातं हे खरं, पण वाकडेपणा त्या छाटलेल्या कापडाबरोबरच जातो.

रंग न जुळलेले 5 ब्लॉक हे तुमच्याकडचं खरं धन. माप बरोबर, शिवण बरोबर, फक्त त्या घोळक्यात ते परके होते. एकेकटे ठेवले की तेच उठून दिसतात. यांची बसकरं करा. 12 इंच बसायला कमी पडतं म्हणून भोवती एकरंगी कापडाची साडेतीन इंचाची पट्टी: दोन साडेबारा लांबीच्या, दोन साडेअठरा लांबीच्या. तयार बसकर 18 इंचाचं होतं, मांडी घालून बसायला पुरेसं.

आता आत काय घालायचं? इथे सोलापूरकरांनी दुकानातून फोम किंवा पॉलिएस्टरची वॅडिंग विकत आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरात विरलेली सोलापुरी चादर असतेच. कडा फाटलेल्या, मधून पातळ झालेल्या, पण कुणी टाकत नाही. तिची दुहेरी घडी बसकराच्या आत घाला. ती सपाट राहते, गोळे होत नाहीत आणि घाम शोषते. मे महिन्यात फोमच्या बसकरावर बसून बघा, दहा मिनिटांत उठाल. मशीनवर मात्र घाई करू नका. वर ब्लॉकच्या शिवणी, मध्ये चादरीचे दोन थर, खाली अस्तर, एवढी जाडी होते. सुई 16 नंबरची लावा, अवघड गेलं तर 18. टीप मोठी ठेवा, आणि जिथे चार शिवणी एकत्र येतात त्या गाठीवर पायडल सोडून चाक हाताने फिरवा. सुया मोडतात त्या तिथेच. गोल टिपा, नक्षी वगैरे काही नको. ब्लॉकच्या शिवणीलगत सरळ टीप घाला, वरून ती दिसतही नाही.

चार बसकरं झाली की पाचवा उरतो. त्याची पकड करा, पण काडीची परीक्षा पास झाला तरच. ब्लॉक मधोमध दुमडला की बारा बाय सहाची लांबट पकड होते, कुकरच्या दोन्ही कानांना एकदम धरता येते. यात चादर नको, जाड होते आणि हाताची बोटं वळत नाहीत. जुन्या टेरी टॉवेलचे दोन थर घाला. चादरीबरोबर सोलापूरच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, पण जुना टॉवेल पकडीच्या पोटात किती कामाचा आहे हे त्या कागदावर लिहिलेलं नाही. टॉवेलच्या फासांमध्ये हवा धरली जाते, तीच हाताला वाचवते. एकच पथ्य: पकड ओली असताना गरम भांडं धरू नका. पाण्यातून उष्णता लगेच हाताला पोचते, मग कितीही थर असोत.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर शेकाची पिशवीही करून टाका. आपला जिल्हा जोंधळ्याचा, मंगळवेढ्याची ज्वारी तर नावाजलेली. उरलेल्या सुती पट्ट्या जोडून चार बाय बारा इंचाची पिशवी शिवा, मध्ये दोन आडव्या टिपा घालून तीन कप्पे करा, म्हणजे धान्य एका टोकाला जमा होत नाही. प्रत्येक कप्पा निम्म्याहून थोडा जास्तच भरा, गच्च भरली की पिशवी मानेवर बसत नाही, काठीसारखी उभी राहते. चेन, बटण, जरी काही लावू नका. मायक्रोवेव्हमध्ये एका वेळी अर्धा-पाऊण मिनिटच ठेवा आणि हात लावून बघा. एकदम तीन मिनिटं लावलीत तर आत जोंधळे करपतात आणि घरभर लाह्यांचा वास सुटतो. धान्य आतल्या साध्या थैलीत आणि ब्लॉकच्या पट्ट्यांची खोळ वरून, असं केलंत तर खोळ धुता येते. जोंधळ्याला पाणी लागता कामा नये.

कोपऱ्यात तिरके गेलेले दोन ब्लॉक. तुम्ही ते उसवायला बसला असाल तर थांबा. उसवलेल्या कापडाला भोकं पडतात आणि कडा ताणते, दुसऱ्यांदा ते आणखी तिरकं जातं. त्याऐवजी ते उभे-आडवे मधून कापा. एका ब्लॉकचे चार तुकडे होतील, त्यातले दोन समोरासमोरचे फिरवा आणि परत जोडा. तिरका कोपरा आता मध्ये येतो आणि नक्षीच तशी होती असं वाटतं. ब्लॉक अर्ध्या इंचाने लहान होतो, तेवढं सोसा. कापण्याआधी ज्या रेषेवर कापणार तिच्या दोन्ही बाजूंना बारीक टीप मारून घ्या, नाहीतर कापलेल्या जागी जुन्या शिवणी सुटायला लागतात.

आणि आता ती वाकळीची रीत. सगळंच नकोसं झालं, बसकरं, पिशव्या कशातच रस नसला, तर हे करा. दोन जुन्या सुती साड्या घ्या, घडी घालून जमिनीवर पसरा. चार कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता, जे सापडेल ते ठेवा, पंखा बंद करा. त्यावर ब्लॉक ठेवा, सरळ नको, मापात नको, एकमेकांवर चढले तरी चालतील. अर्धा ब्लॉक कडेबाहेर जात असेल तर कापा. मधल्या मोकळ्या जागा साध्या कापडाने भरा. उघडी कडा दिसेल तिथे ती पाव इंच आत मुडपून वर ठेवा. सगळं मनासारखं बसलं की मोठ्या कच्च्या टाक्यांनी वीतभर अंतरावर टाचून घ्या आणि मग बाहेरच्या कडेपासून सुरुवात करा. धावदोरा कडेच्या समांतर, एक फेरी पूर्ण झाली की बोटभर आत सरकून दुसरी. असं आत-आत जात मध्यात यायचं. मधून सुरुवात करा असं बरंच छापील साहित्य सांगतं, मशीनवर ते खरंही आहे, कारण मशीन कापड पुढे ढकलतं. हाताच्या टाक्यात कापड ढकललं जात नाही. कडा आधी बांधली की थर जागचे हलत नाहीत.

यात 11 इंची, 12 इंची, तिरका, सरळ हा भेदच राहत नाही. धावदोरा सगळ्यांवरून एकसारखा जातो आणि परके रंगसुद्धा त्या ओळींमुळे एका घरचे दिसायला लागतात. माझी आजी मधला शेवटचा चौकोन बंद करायच्या आधी चिमूटभर जोंधळे आत टाकायची, गोधडीचं पोट रिकामं नको म्हणून. मी नाही टाकत, मुंग्या येतात. पण ती जागा आली की हात क्षणभर थांबतोच.

वाकळीत चादर मात्र घालू नका. हाताच्या सुईला ती जात नाही आणि एकदा भिजली की पिळायला दोघी लागतात. आपल्याकडे थंडी असते किती? जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपासचे काही आठवडे. साड्यांचे दोन-तीन थर पुरतात, आणि एप्रिलमध्ये तीच गच्चीवर अंथरायला होते.

इरकलीचा ब्लॉक शेवटी ठेवला, कारण त्याला घाई नाही. आईचा पदर रेशमी असणार आणि वापरून वापरून विरलेला. जुनं रेशीम घडीवर तुटतं. त्याची उशी, पिशवी, बसकर यातलं काहीही करू नका. घासलं जाईल, घाम लागेल, लाल रंग सुटेल. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात ठेवून रंग पक्का होतो असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. उलट बाजूने पातळ मलमलचा तुकडा हाताने टाचून घ्या म्हणजे रेशमावरचा ताण मलमल घेईल. मग 24 इंचाच्या साध्या सुती कापडाच्या मधोमध तो ब्लॉक बसवा आणि त्याचं पोथीचं बासन करा. ज्ञानेश्वरी असो, गुरुचरित्र असो, की आईची जुनी वही. गाठ साध्या कापडाच्या कोपऱ्यांची पडते, रेशीम वरच्या बाजूला सपाट राहतं, आणि त्याला धुण्याची वेळ सहसा येत नाही. पोथ्या नसतील घरात, तर तो ब्लॉक कागदात गुंडाळून ठेवा. सगळ्याचं काही तरी केलंच पाहिजे असं नाही.

दोन गोष्टी टाळा. ब्लॉक जोडून बाळाची झोळी कधीच शिवू नका. वर सांगितलं तसं टीप वजनाची नसते. आणि तान्ह्या बाळाच्या कशालाही आरसे, मणी, बटणं लावू नका, कितीही गोड दिसत असली तरी.

एक राहिलं. बसकरं चारच करा, पण पकड ब्लॉकची न करता साध्या सुती कापडाची करा. मापात असलेला तो पाचवा ब्लॉक नातीच्या गोधडीसाठी बाजूला काढा. गोधडी तीन-चार वर्षांत कुठे तरी फाटणारच, बहुतेक कोपऱ्यात, जिथे ती धरून ओढत फिरेल. तेव्हा नवं कापड लावलंत तर ठिगळ डोळ्यात खुपतं, कारण बाकीची गोधडी तोवर विटलेली असते. या ब्लॉकच्या कडा ओव्हरलॉक करून ठेवा आणि गोधडी धुवाल त्या प्रत्येक वेळी तोही तिच्याबरोबर बादलीत टाका, तिच्याच शेजारी दोरीवर वाळवा. फाटेल तेव्हा त्याचे रंगही तेवढेच उतरलेले असतील.